खात्रीचं तेवढंच

इंद्रनील धारप अंदाज सांगत नसे. गणपतीला किती माणसं येतील असं मंडळात विचारलं की बाकीचे "दीडशे धरा" म्हणत. हा म्हणे, "ज्यांनी कळवलंय ते ब्याण्णव. बाकीच्यांचं माहीत नाही." जेवण कमी पडलं तर तो जबाबदार नसे, उरलं तरी नसे. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली, त्यामुळे मला हा गुण आवडायचा. मोहन गद्र्यांच्या किडन्यांचं जे झालं त्यानंतर तो तितका आवडेनासा झाला. पण इंद्रनीलला दोष देणं सोपं आहे आणि ते करण्यासाठी मी हे लिहीत नाही. घडलं ते क्रमाने सांगतो.

इंद्रनील, त्याची बायको अनुया आणि लहानगी श्रुती पुण्याहून इथे न्यूझीलंडला, लोअर हटला आली ती थेट मोहनच्या घरी. ओळख म्हणावी तर अनुयाच्या मावशीची आणि मोहनच्या बायकोची, सुलभावहिनींची, तीही लांबची. मोहनच्या घरामागे अंगणात एक सुटी खोली आहे, इथे तिला स्लीपआउट म्हणतात. "आठ दिवस राहा, मग बघू," असं म्हणून मोहनने किल्ली दिली आणि ती मंडळी पहिला हिवाळा संपेपर्यंत तिथे राहिली. अनुयाला नर्सिंगची नोंदणी मिळेपर्यंत श्रुतीला वहिनींनी सांभाळलं. शेकोटीची लाकडं कशी रचायची, ओल्या उतारावर गाडी कशी आवरायची, दुकानाला इथे डेअरी का म्हणतात, हे सगळं इंद्रनीलला मोहनने शिकवलं. मोहन सीव्ह्यूच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि चिडवल्याशिवाय त्याला माणूस आपला वाटत नसे. इंद्रनील त्याला मोहनदादा म्हणायचा. मोहन त्याला इंद्र्या म्हणायचा.

पुढे इंद्रनीलने वॉटर्लू स्टेशनजवळ स्वतःचं घर घेतलं, तरी शुक्रवारी संध्याकाळी जेवण मोहनकडेच. मीही बऱ्याचदा असायचो. अशाच एका शुक्रवारी मोहनने विचारलं, "इंद्र्या, तू रोज गाडीत बसून वेलिंग्टनला जातोस, तिथे करतोस काय? मला समजेल असं सांग. कॉम्प्युटर हा शब्द न वापरता."

इंद्रनीलने चमचा खाली ठेवला. त्याला नेमकं सांगायला आवडायचं. "दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारायचं असतं, 'माझ्या कोणकोणत्या पेशंटच्या किडन्या अशक्त आहेत?' पण नोंदींमध्ये 'अशक्त किडनी' असं कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे नुसते आकडे असतात. वय, रक्तातलं क्रिएटिनिन, वजन, गोळ्यांचे डोस. मधल्या जागेत आम्ही व्याख्या लिहितो. क्रिएटिनिन इतकं असेल आणि वय इतकं असेल, तर किडनी अशक्त. एखाद्याला मधुमेह आहे अशी नोंद नाही, पण त्याला इन्शुलिन चालू आहे, तर तो मधुमेही. अशा हजारो व्याख्या एकमेकींत गुंतवलेल्या. त्या जाळ्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. डॉक्टरने शब्दांत विचारायचं, व्याख्यांनी त्याचे आकडे करायचे, आणि आकड्यांतून माणसं शोधायची."

"म्हणजे तू दुभाषा आहेस."

"साधारण."

"आणि एखाद्याचं रक्तच तपासलेलं नसेल तर?"

"तर तो उत्तरात येत नाही. नोंद नाही म्हणजे आजार नाही, असं आम्ही म्हणत नाही. आहे असंही म्हणत नाही. नसलेल्या जागी कुठलाही आकडा असू शकतो. तो काहीही असला तरी जो पेशंट अशक्त किडनीवालाच ठरेल, तेवढाच आम्ही सांगतो. खात्रीचं तेवढंच."

"बघा वहिनी," मोहन आपल्याच बायकोला म्हणाला. ती थट्टाही त्याची नेहमीची होती. "याला विचारलं आमटीत मीठ आहे का, तर हा म्हणेल चाखल्याची नोंद नाही."

सुलभावहिनी म्हणाल्या, "तुम्ही चाखा आधी. तुम्हाला मीठ कमी सांगितलंय."

मोहनला रक्तदाब होता. त्याची एक गोळी आणि पायांवर सूज येते म्हणून पाणी काढणारी दुसरी गोळी, अशा दोन त्याला बरीच वर्षं चालू होत्या. मग गुडघा धरला. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर बाळंतपणाच्या रजेवर होत्या, बदली डॉक्टरने गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी लिहून दिली. या तीन गोळ्या एकत्र, आणि त्यात किडनी मुळात अशक्त असली, तर ती हळूहळू मारली जाते. हे इथल्या सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं. म्हणूनच त्या दवाखान्याने इंद्रनीलच्या कंपनीकडून ती व्याख्यांची व्यवस्था घेतली होती. दर पंधरवड्याला तिला विचारायचं, 'किडनी अशक्त आणि या तिन्ही गोळ्या चालू, असे कोण?' जी नावं येतील त्यांना नर्सने फोन करून बोलवायचं. मोहनचा दवाखाना तोच होता.

आता आपल्या लोकांची एक पद्धत सांगायला हवी. इथे डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात, आणि तपासण्याही त्याला हव्या तेवढ्याच होतात. म्हणून आम्ही मंडळी डिसेंबरात पुण्याला गेलो की संपूर्ण तपासणी करून घेतो. लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त घेऊन जातो, संध्याकाळी मोबाइलवर पंधरा पानांचा अहवाल येतो. तो छापून, छान फाइल करून, परत आल्यावर इथल्या दवाखान्याच्या काउंटरवर द्यायचा. दिला की कर्तव्य संपलं. इथल्या दवाखान्यांचीही एक पद्धत आहे. काही काळजीचं असलं तरच ते फोन करतात. फोन नाही आला, म्हणजे सगळं ठीक.

त्या वर्षीच्या मोहनच्या अहवालात क्रिएटिनिन १.९ होतं, जाड अक्षरांत, समोर बाण काढलेला. पुण्याच्या मापात पुरुषाचं ते एक पूर्णांक तीनच्या आत हवं. वहिनींनी तो बाण पाहिला होता. "हे काय हो?" त्यांनी विचारलं. "तेच तर डॉक्टरला द्यायचंय," मोहन म्हणाला. फाइल काउंटरवर दिली. तिथल्या मुलीने एकेक आकडा त्या त्या रकान्यात भरला. क्रिएटिनिनच्या रकान्यात १.९. पण इथलं माप वेगळं. पुण्याचा एक म्हणजे इथला जवळजवळ अठ्ठ्याऐंशी. मोहनचा आकडा इथल्या मापात एकशे अडुसष्टच्या आसपास व्हायला हवा होता. रकान्यात नुसता आकडा मावत होता, माप लिहायला जागा नव्हती. तिने भरलं ते अहवालात होतं तेच. फोन आला नाही. मोहन खूश होता.

दोन-तीन महिन्यांनी एका सोमवारी दवाखान्यातून इंद्रनीलच्या कंपनीत फोन आला. तुमच्या व्यवस्थेने या वेळी उत्तरात दवाखान्यातले सगळेच पेशंट दिलेत, अगदी मागच्या आठवड्यात जन्मलेली बाळंसुद्धा, असं मॅनेजरबाई सांगत होत्या. त्या हसत होत्या, पण फार नाही.

कारण इंद्रनीलला लगेच सापडलं. आदल्याच आठवड्यात त्याने एक नवा नियम घातला होता. क्रिएटिनिन विसाच्या खाली असूच शकत नाही. नियम बरोबर होता, इथल्या मापात जिवंत माणसाचं ते तितकं उतरत नाही. पण नोंदींत विसाच्या खालचे आकडे होते. नियम म्हणतो असं असूच शकत नाही, नोंद म्हणते आहे. तर्काने चालणाऱ्या व्यवस्थेत अशी एक जरी विसंगती आली तरी सगळा तर्क कोसळतो, मग त्यातून काहीही सिद्ध होतं. बाळाच्या किडन्या अशक्त असल्याचंसुद्धा.

शुक्रवारी त्याने हे सांगितलं तेव्हा मोहन पोट धरून हसला. "अरे, हे तर आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं झालं. एक जण खोटं बोलला की पुढे कुणीही काहीही सिद्ध करतो."

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"विसाच्या खालचे आकडे बाजूला काढले. व्यवस्था ते नाहीतच असं धरते. उत्तर परत पहिल्यासारखं स्वच्छ यायला लागलं."

"बाजूला म्हणजे कुठे?"

"आहेत एका ठिकाणी."

आमच्या धंद्यात न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. पण वर्षअखेर ते खातं रिकामं केल्याशिवाय ताळेबंदावर कुणी सही करत नाही. मी त्याला हे म्हणालोही. तो म्हणाला, त्यांच्याकडे वर्षअखेर नसते.

बाजूला काढलेल्या त्या आकड्यांवरून त्याने एकदा नजर फिरवली होती. त्याला नावं दिसत नसत. पेशंटची ओळख झाकूनच नोंदी त्याच्यापर्यंत येत, तसा कायदाच आहे. नुसते आकडे: ०.८, १.१, ०.९, १.०. त्यात एक १.९. पुण्यात वाढलेल्या, दर डिसेंबरात तीच तपासणी करून घेणाऱ्या माणसाला हे काय आहे ते कळायला क्षण लागला नाही. ही सगळी तिकडच्या मापातली. आणि तो १.९ ज्याचा कुणाचा आहे, त्याला आजच डॉक्टरकडे जायला हवं.

तो साहेबाकडे गेला. म्हणाला, हे आकडे अठ्ठ्याऐंशीने गुणले की बरोबर बसतात. साहेब इंग्रज माणूस, सभ्य. त्याने विचारलं, "तुला खात्री आहे? आकडा भरतानाच चुकला असेल तर? एकशे नव्वद असेल तर?" इंद्रनील म्हणाला, "खात्री नाही." "मग आपण गुणायचं नाही." इंद्रनीलला ते पटलं. पुढे तो मला म्हणाला, साहेबाने अडवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. त्याने दवाखान्याच्या मॅनेजरबाईंना मेल लिहिला, काही आकडे वेगळ्या मापातले वाटतात, कृपया तपासावेत. उत्तर आलं, धन्यवाद, बघतो. त्या महिन्यात बाई नोकरी सोडून हॉर्नबीला नवऱ्याकडे गेल्या. त्यांच्या जागी आलेल्याने तो मेल उघडला की नाही, कळायला मार्ग नाही.

सप्टेंबरात गणपती बसले. हॉलमध्ये पंगत होती, खुर्च्यांची. इंद्रनील मोहनच्या शेजारी बसला होता. मोहनने वरणभात संपवला आणि खिशातून पाकीट काढून गोळी घेतली.

"गुडघा?" इंद्रनीलने विचारलं.

"गुडघाच. पण ही गोळी मस्त आहे. स्वीट अ‍ॅज, इथले म्हणतात तसं. आरतीला उभा राहू शकलो."

"पाय सुजलेत हो यांचे," सुलभावहिनी पलीकडून म्हणाल्या.

"जँडल्स चपला घालून हिंडतो, म्हणून दिसतात. बुटांत असते तर तुला कळलंही नसतं."

इंद्रनील हसला आणि वाढप्याला मठ्ठा आणायला सांगितला. त्या हॉलमध्ये दीडशेच्या आसपास माणसं होती. त्यातली निम्मी त्याच दवाखान्यात जाणारी, आणि जवळजवळ सगळी पुण्या-मुंबईहून फायली आणणारी.

पुढच्या डिसेंबरात मोहन आणि वहिनी पुण्याला गेले नाहीत, ब्रिस्बेनला गेले. मुलाचं, सुयशचं लग्न होतं. त्यामुळे त्या वर्षी तपासणी झाली नाही, नवी फाइल आली नाही. इथला हिवाळा जूनला सुरू होतो, त्यात मोहनला उलट्या सुरू झाल्या. पोट बिघडलं असेल म्हणून दोन दिवस काढले, तिन्ही गोळ्या मात्र नेमाने घेतल्या, वहिनींनी वेळेवर दिल्या. तिसऱ्या दिवशी तो बिछान्यातून उठेना आणि बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. रुग्णवाहिकेने हॉस्पिटलात नेलं. क्रिएटिनिन नऊशेच्या वर होतं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि त्या परत येणार नव्हत्या. आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, कायमचं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधीचे आकडे बघितले आणि वहिनींना विचारलं, "यांची तपासणी कधी भारतात झाली होती का?" वहिनी घरी जाऊन फाइल घेऊन आल्या. हे सगळं त्यांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये इंद्रनीलला सांगितलं. अनुया ड्यूटीवर होती, मी शेजारी उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "दीड वर्षापूर्वीच होतं रे सगळं कागदावर. एक पॉइंट नऊ. बाण पण होता."

इंद्रनील गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला. मला वाटलं, धक्का बसलाय. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तो मी पाहिलाय."

"काय?"

"एक पॉइंट नऊ. त्यात एकच होता."

त्याने मला सगळं सांगितलं. मेल, साहेब, सगळं. मग विचारलं, "सांगू का त्यांना?"

खरं तर ते त्याच्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं. वहिनी तक्रार करणार होत्या. चौकशी दवाखान्याची होईल, काउंटरवरच्या मुलीची होईल. व्यवस्थेच्या आत बाजूला काढलेला आकडा कुणी पाहिला होता, हे कोण विचारणार? मी म्हणालो, "सांगून किडनी परत येणार आहे का?" माझा सल्ला शहाणपणाचा होता. त्याने तो ऐकला नाही.

मोहन घरी आल्यावर एका शनिवारी दुपारी तो गेला. मीही गेलो, एकट्याने जाऊ नकोस म्हणून. मोहन खिडकीजवळच्या खुर्चीत होता. वजन इतकं उतरलं होतं की स्वेटर दुसऱ्याचा वाटत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बटाट्यांचं पाणी बदलत होत्या. डायलिसिसवाल्याला बटाटा द्यायचा तर चिरून भिजवून दोनदा उकडावा लागतो, त्यातलं पोटॅशियम जावं म्हणून. मग त्याला चव अशी राहत नाही.

इंद्रनीलने उभ्यानेच सांगितलं. काही गाळलं नाही. मोहन ऐकत होता. ओट्यावरचा आवाज मध्येच थांबला.

"तुला दिसला होता," मोहन म्हणाला.

"दिसला होता, दादा. नाव नव्हतं."

"मग तुला काय वाटलं, कुणाचा असेल?"

"वाटण्यावर आम्ही काही..."

"आम्ही नको. तुला काय वाटलं?"

इंद्रनील म्हणाला, "आपल्यातल्याच कुणाचा तरी असेल, असं वाटलं."

"आपल्यातले म्हणजे कोण रे? लोअर हटमध्ये आपण किती आहोत? त्या गणपतीला सगळे ताटावर बसलेले होते. तू उभा राहून एक वाक्य बोलायचंस. पुण्याच्या फायली दवाखान्यात दिल्यात, त्यांनी इथे पुन्हा रक्त तपासा. बस. नाव कशाला हवं होतं तुला?"

इंद्रनील म्हणाला, "सुचलं नाही."

ते खरं होतं, एवढं मी सांगू शकतो. ज्या व्यवस्थेत तो दिवसभर असायचा तिथे फक्त दोन जागा होत्या, खात्रीचं आणि बाजूला काढलेलं. बाजूला काढलेलं घेऊन पंगतीत उभं राहता येतं, हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं.

"मी तुझ्या शेजारी बसून गोळी घेतली," मोहन म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. तो आवाज आता चढत नसे.

वहिनी बाहेर आल्या, हात पदराला पुसत. "चहा घेणार का, असं मी आता विचारायला हवं," त्या म्हणाल्या. "नाही विचारत."

आम्ही निघालो.

चौकशी यथासांग झाली. निष्कर्ष असा, की व्यवस्थेने कोणतंही चुकीचं उत्तर दिलेलं नाही. दिलेलं प्रत्येक नाव बरोबर होतं. न दिलेल्या नावांविषयी तिने काहीच म्हटलेलं नव्हतं, आणि दवाखान्याने त्या न म्हणण्याचा अर्थ 'ठीक आहे' असा लावला, तो व्यवस्थेचा दोष नव्हे. मापाचा रकाना असावा, अशी शिफारस झाली. इंद्रनीलने स्वतःहून एक दुसरं उत्तर तयार केलं, 'खात्री नाही, पण असू शकेल' अशांचं. पहिल्याच पंधरवड्यात त्यात इतकी नावं आली की नर्सेस वैतागल्या. थोड्याच महिन्यांत दवाखान्यांनी ते बंद करून घेतलं. गणपतीत त्याने माइक घेऊन ते वाक्य मात्र म्हटलं. लोकांनी ऐकलं, माना डोलावल्या. रणजित नावाचा एक जण मागून म्हणाला, "आता आठवलं होय याला." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

डायलिसिसला वेलिंग्टनला जावं लागे. वहिनी हायवेवर गाडी चालवत नाहीत, त्यातून पाऊस. काही आठवडे मी नेलं, पण माझी पाठ साथ देईना. मग वहिनींनीच इंद्रनीलला निरोप पाठवला, येत जा. क्षमा केली म्हणून नव्हे. गरज होती. तो कामाच्या वेळा बदलून यायला लागला. मोहन पूर्वी कुणाच्याही गाडीत पुढे बसायचा, चालवणाऱ्याला सूचना करायला. आता तो मागे बसे. इंद्रनील दार उघडून धरायचा, मोहन आधार न घेता चढायचा. समुद्रकाठच्या रस्त्याने अर्धा तास जाताना, अर्धा तास येताना. मी एकदोनदा बरोबर होतो. कुणी बोलत नसे. परत येताना मोहन थंडीने थरथरायचा आणि इंद्रनील न विचारता हीटर वाढवायचा.

दीड वर्ष हे चाललं. डायलिसिससाठी हातात जोडून केलेली नस बंद पडली, मग दुसऱ्या हाताला केली. तिच्यात संसर्ग झाला. हृदय अशक्त झालं, तेव्हा किडनी बदलण्याच्या यादीत नाव घालता येणार नाही असं सांगण्यात आलं. वहिनी स्वतःची द्यायला तयार होत्या, तीही वाट बंद झाली. या वर्षीच्या मे महिन्यात मोहनने ठरवलं की आता पुरे. इथे तसं ठरवू देतात. डॉक्टर बसून बोलतात, दोनदा विचारतात, मग तुमचं ऐकतात. वहिनी भांडल्या, रडल्या, मग गप्प झाल्या. सुयशला अजून सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि मोहनचं म्हणणं होतं, पोराला उगीच आधी बोलावून ताटकळत ठेवायचं नाही.

शेवटच्या डायलिसिसहून परत येताना मी पुढच्या सीटवर होतो. पेटोन मागे पडलं तेव्हा मोहन मागून बोलला. "इंद्र्या."

दीड वर्षात त्याने ही हाक मारली नव्हती. इंद्रनीलने आरशात पाहिलं.

"बंद केल्यावर किती दिवस जातात?"

"डॉक्टर काय म्हणाले, दादा?"

"ते म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं. काही दिवस, काही आठवडे. ते तुझ्यासारखेच आहेत. मी तुला विचारतोय. तू माझे सगळे आकडे बघतोस, मला माहीत आहे. अनुया सांगते तुला."

"नक्की सांगता येणार नाही."

"नक्की विचारलंय कोणी? सुयशला कधी बोलवू, एवढं मला ठरवायचंय. लवकर बोलावला तर त्याच्या बायकोपाशी कोणी नाही. उशीर झाला तर मी नाही. अंदाज सांग."

पुढच्या सिग्नलला इंद्रनीलने गाडी थांबवली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी गाडी जागची हलली नाही. मी त्याच्या हाताला हात लावला. तेव्हा तो म्हणाला, "आठवडा. आठवडाही नसेल कदाचित. त्याला आजच फोन करा."

"बरं," मोहन म्हणाला. "चालव आता."

सुयश दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. इंद्रनील त्याला विमानतळावरून घेऊन आला, बॅग दारात ठेवली आणि आत न जाता परत गेला. बापलेकांना चार दिवस मिळाले. त्यातले दोन बरे होते. मोहन त्याला अंगणातल्या स्लीपआउटचं गळणारं छप्पर कुठून दुरुस्त करायचं ते खिडकीतून दाखवत होता, असं सुयश मला म्हणाला. पाचव्या दिवशी पहाटे मोहन गेला.

वहिनींनी इंद्रनीलला कळवलं नाही. त्याला ते अनुयाकडून कळलं, तिला तिच्या वॉर्डातल्या नर्सकडून. दहनाला तो आला होता. सगळ्यात मागच्या रांगेत बसला, आणि सुयश बोलायला उभा राहिला तेव्हा उठून बाहेर पार्किंगमध्ये गेला. वहिनींनी त्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं नाही आणि आजवर पाहिलेलं नाही. तो अजून त्याच कंपनीत आहे, त्याच गाडीने जातो. परवा स्टेशनवर भेटला. मी विचारलं, कसं चाललंय. तो म्हणाला, "माहीत नाही," आणि गाडीत चढला.